लग्न दिसतं, सिनेमा दिसत नाही

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आमच्या पट्ट्यात ब्लू-रे प्लेअर अजून कपाटांतून निघतात, त्याला हॉलिवूडपेक्षा लग्नं जास्त कारणीभूत आहेत. २०१० च्या आगेमागे शूटिंगवाले ‘एचडी’ पॅकेज घेणाऱ्यांना अल्बमबरोबर ब्लू-रे डिस्क द्यायला लागले. ती दिसावी म्हणून प्लेअर घेतला गेला. पुढे तो माळ्यावर गेला, टीव्ही बदलला, आणि आता पोरांना आईबाबांचं लग्न बघायचंय. मग मला बोलावणं येतं, “काका, जरा वायरी जोडून द्याल का?”

वायरी जोडणं सोपं आहे. पिन ज्या भोकात बसते तिथेच बसते. पण पिन बसली म्हणून चित्र येईलच असं नाही, आणि इथेच लोकांचे पैसे जातात. प्लेअर आणि पडदा यांचं आपसात जमावं लागतं, आणि ते जमेल की नाही हे वायर विकत घेण्याआधीच कळू शकतं.

माझ्या भाच्याचंच घ्या. बदलापूर पूर्वेला भाड्याच्या खोलीत राहतो. टीव्ही नाही, ऑफिसातून स्वस्तात मिळालेला जुना मॉनिटर आहे, त्याला फक्त निळं व्हीजीए भोक. प्लेअरला एचडीएमआय. उल्हासनगरच्या बाजारातून त्याने एचडीएमआयचं व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर आणला. “चल जाएगा साईं, सौ टका,” असं ऐकूनच आणला. घरी लावला तर प्लेअरचा मेनू आला, बहिणीच्या लग्नाची डिस्क झकास चालली. हौसेने विकत आणलेला सिनेमा घातला, तर पडदा काळा. मग सगळ्यांवर संशय घेऊन झाला: डिस्क खराब, लेन्स मळलेली, कन्व्हर्टर नकली. उल्हासनगरच्या ‘मेड इन यूएसए’चा (यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन) शिळा विनोदही कोणीतरी केलाच.

नकली काहीच नव्हतं. विकतच्या डिस्कला कुलूप असतं. सिनेमा सुरू करण्याआधी प्लेअर एचडीएमआयच्या वायरीतून पडद्याला विचारतो, तू एचडीसीपी पाळणारा आहेस का? एचडीसीपी म्हणजे इंटेलने काढलेली नक्कलबंदीची पद्धत. व्हीजीए तिच्याआधीच्या काळातलं, त्याला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, म्हणून नियमाने वागणारा कन्व्हर्टर तिथे अडतो. लग्नाच्या डिस्कला शूटिंगवाल्याने कुलूप घातलेलं नसतं, म्हणून ती दिसली. काही प्लेअर तर एवढीही सूट देत नाहीत, मेनूपासूनच काळोख. तेव्हा दुकानात तपासताना मेनू बघून समाधान मानू नका. आपली विकतची डिस्क पिशवीत घालून न्या आणि सिनेमा प्रत्यक्ष सुरू झालेला बघा. मॉनिटर नवीन घेणार असाल तर त्यावर एचडीएमआय आहे ना आणि माहितीपत्रकात एचडीसीपी लिहिलंय ना, एवढं पुरे.

मधला मार्ग डीव्हीआयचा. जुन्या मॉनिटरला पांढरं, रुंद डीव्हीआय भोक असलं आणि तो एचडीसीपी पाळत असला, तर एचडीएमआय-डीव्हीआयची साधी वायर चालते, कन्व्हर्टर लागत नाही. पण या जोडणीत आवाज येईल असं धरून चालू नका. तो प्लेअरच्या लाल-पांढऱ्या पिनांमधून वेगळा स्पीकरला न्यावा लागतो. नव्या पातळ प्लेअरना पुष्कळदा लाल-पांढरं नसतंच, म्हणून आधी मागची बाजू बघा. मॉनिटरला एचडीएमआय असूनही स्पीकर नसेल, तर हेडफोनचं भोक शोधा, बहुतेक वेळा तिथून आवाज मिळतो.

मॉनिटरचं आणखी एक दुखणं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि प्लेअर तो तसाच पाठवायला बघतो. आपल्याकडच्या काही डीव्हीडी ५० हर्ट्‌झवर येतात. संगणकाचे बरेच जुने मॉनिटर ६० वरच खूश असतात, बाकी काही आलं की ‘आऊट ऑफ रेंज’ म्हणून गप्प. पडदाच काळा, मग सेटिंग बदलणार कुठे? प्लेअर उचलून शेजाऱ्याच्या टीव्हीला लावा, मेनूत जाऊन २४ चा पर्याय बंद करा, १०८० किंवा ७२० वर ६० हर्ट्‌झ ठेवा आणि परत आणा. शेजाऱ्याला चहा पाजावा लागेल तेवढाच खर्च.

जुना प्लेअर विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगतो. नवे प्लेअर आता दुर्मिळ झालेत. सॅमसंगने २०१९ मध्ये ते काढणं थांबवलं, एलजीने २०२४ मध्ये. म्हणून जुन्या मालाला गिऱ्हाईक आहे. विकणारा डीव्हीडी घालून दाखवतो आणि घेणारा खूश होऊन पैसे मोजतो. पण डीव्हीडी वाचणारा लेसर लाल, ६५० नॅनोमीटरचा. ब्लू-रे वाचणारा निळा-जांभळा, ४०५ चा. दोन वेगळे डोळे आहेत ते, आणि निळा मेला तरी लाल टुणटुणीत राहतो. ब्लू-रे डिस्क घालून दहा मिनिटं चालवल्याशिवाय पैसे देऊ नका. रिमोट मागून घ्या. प्लेअरवरच्या दोन-तीन बटणांनी डिस्क चालते, पण सेटिंगमध्ये शिरता येत नाही. रिमोट नसलाच तर टीव्हीतला सीईसीचा पर्याय चालू करून बघा (सोनीत ब्राव्हिया सिंक, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक), टीव्हीच्याच रिमोटने प्लेअर ऐकतो. नेहमी ऐकतोच असं नाही.

पिवळ्या पिनेबद्दल थोडं. ब्लू-रे पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी लावून ‘एचडी’ बघणारी घरं मी पाहिली आहेत. पिवळ्यातून आपल्याकडे ५७६ रेषांचंच चित्र येतं, डिस्क कितीही भारी असो. लाल-हिरव्या-निळ्या (कंपोनंट) पिनांतून जुने प्लेअर एचडी द्यायचे, पण २०११ पासून बनलेल्या प्लेअरना नियमाने त्या वाटेवरही साध्या दर्जाची मर्यादा आली आणि २०१४ पासून ही भोकंच गेली. म्हणजे पेटीवजा जुना टीव्ही आणि नवा प्लेअर हे लग्न जुळवू नका. जुना प्लेअर आहेच, तर लाल रंग दोनदा येतो हे ध्यानात ठेवा: एक लाल चित्राचा, एक आवाजाचा. अदलाबदल झाली की एका बाजूचा आवाज जातो आणि चेहरे हिरवेगार दिसतात. काही टीव्हींत हिरवं आणि पिवळं भोक एकच असतं. पिवळी पिन तिथे लावून इनपुट मात्र ‘कंपोनंट’ निवडला, तर चित्र काळं-पांढरं येतं. टीव्ही बिघडला म्हणून मेकॅनिक बोलावण्याआधी इनपुट बदलून बघा.

आता खरी नुकसानीची गोष्ट. आमच्या शेजारी प्लेअर जोडताना टीव्हीचं एचडीएमआय भोक गेलं. टीव्ही चालू, प्लेअर चालू, मागून हात घालून पिन सरकवली, बारीक ठिणगी दिसली आणि त्या इनपुटवर ‘नो सिग्नल’ कायमचं. मेकॅनिकने बोर्ड बदलायला सांगितला, त्या किमतीत जुना प्लेअर आणखी एक आला असता. वायर चांगली होती, प्लेअरही. दोष भिंतीत होता.

टू-पिन प्लगच्या यंत्रांना अर्थिंग नसतं. त्यांच्या आतल्या वीजपुरवठ्यातून बाहेरच्या पत्र्यावर थोडी वीज झिरपत राहते. हात लावला की मुंग्या येतात ना, तीच. त्यात केबलवाल्याची काळी वायर कुठल्या तरी खांबावरच्या ॲम्प्लिफायरमधून येते, तिच्या जाळीवरचा दाब वेगळा. टीव्हीच्या पत्र्यावर एक, प्लेअरच्या पत्र्यावर दुसरा. पिन आत सरकताना हा फरक आतल्या नाजूक चिपवर फुटतो. थ्री-पिन असलं तरी निर्धास्त राहू नका. आमच्याकडच्या कित्येक जुन्या बिल्डिंगांत बोर्डाचं झाकण उघडलं की वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते, स्क्रू नुसता चमकत असतो. वायरमनला एकदा बोलावून ते बघून घ्या, प्लेअरसाठी नाही तर घरातल्या गीझरसाठी तरी.

जोडायचा क्रम मी असा ठेवतो: भिंतीवरची दोन्ही बटणं बंद, प्लग बाहेर, केबलची किंवा डिशची वायर टीव्हीतून काढलेली. मग एचडीएमआय दोन्हीकडे बसवायची, त्यानंतर केबलची वायर, सगळ्यात शेवटी वीज. बटण बंद पण प्लग आत, याला बंद म्हणायचं नाही. पावसाळ्यात, आणि परतीच्या पावसात तर जास्तच, गडगडायला लागलं की डिशची वायर काढून ठेवा. लाईट गेली तर ती परत येऊन स्थिर होईपर्यंत प्लग लावू नका.

‘गोल्ड प्लेटेड, ८के’ असं छापलेल्या वायरीला जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. एचडीएमआयमध्ये चित्र एक तर नीट येतं, नाही तर ठिपके पडतात, तुटतं. सोन्याने रंग उजळत नाहीत. १०८० साठी दीड-दोन मीटरची साधी हाय-स्पीड वायर भरपूर झाली. ४के डिस्कचा प्लेअर असेल तर १८ गिगाबिटची प्रीमियम वायर घ्या, टीव्हीचं जे भोक एचडीसीपी २.२ चं आहे तिथेच लावा, आणि त्या इनपुटचं सेटिंग वाढवायला विसरू नका. सोनीत त्याला ‘एन्हान्स्ड’ म्हणतात, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’.

चित्र आहे पण आवाज नाही, तर प्लेअरच्या ऑडिओ मेनूत ‘बिटस्ट्रीम’ ऐवजी ‘पीसीएम’ करा. बऱ्याच टीव्हींना डीटीएस प्रकारचा आवाज कळत नाही. कडा कापल्या जात असतील तर टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधा.

आणि अमेरिकेहून कोणी डिस्क आणणार असेल तर आधी फोनवर विचारा. ब्लू-रे डिस्कचा तिथला विभाग ए, आपला सी. बऱ्याच डिस्क कुठेही चालतात, काही अडतात. ४के डिस्कना विभाग नाही. प्लेअरच आणणार असतील तर मागच्या पट्टीचा फोटो मागवा. ‘१००-२४० व्होल्ट’ छापलं असेल तर फक्त प्लगचा आकार बदलावा लागेल. नुसतं ‘१२०’ असेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घरात आल्याशिवाय तो खोक्यातून बाहेर काढू नका.