राज्याचा अभ्यास : आरंभ पलूसपासून

राज्याची ओळख करून देताना इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल व अर्थव्यवहार असे चार कप्पे करण्याचा प्रघात आहे. पलूस तालुक्यात हे कप्पे टिकत नाहीत.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या उजाड माळावर कारखाना का उभारला, एवढा एकच प्रश्न वर्गात विचारून पाहावा. जवळ रेल्वे स्थानक होते, हे उत्तर भूगोलाचे. बेळगाव सोडावे लागलेल्या या उद्योजकाला औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा दिली, हे इतिहासाचे. लोखंडी नांगराचे गिऱ्हाईक म्हणजे भोवतालचा शेतकरी, हे अर्थव्यवहाराचे.

याच औंध संस्थानाच्या १९३९ च्या राज्यघटनेने गावकारभार पंचायतींकडे सोपविला. १९४३ पासून कुंडल हे सातारच्या प्रतिसरकारचे प्रमुख केंद्र झाले आणि तंट्यांचे निवाडे गावातच होऊ लागले. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड ही नावे परीक्षेपुरती पाठ होतात. निवाडा म्हणजे काय, ते राहून जाते. म्हणून मुलांना ग्रामसभेस न्यावे. घरपट्टी कशावर खर्च होते, हे त्यांना सरपंचांस विचारू द्यावे. (सरपंचांची थोडी अडचण होईल, होऊ द्यावी.)

कृष्णाकाठच्या शाळांनी २००५ व २०१९ च्या पुरांच्या खुणा मुलांकडून मोजून घ्याव्यात. ब्रह्मनाळ येथे ऑगस्ट २०१९ मध्ये बोट उलटून माणसे दगावली. तेथील मुलाने कोयना व अलमट्टी ही धरणे नकाशावर स्वतः शोधावीत. वरून पाणी कोण सोडते, खाली कोण अडवते आणि गावाला वेळेवर कोण कळविते, हे तीन प्रश्न त्याच्या वहीत उतरले पाहिजेत.