रंगीत मुखचित्रावरून मोठे पेन्सिलचित्र

वरच्या प्राथमिक वर्गांत रंगसाहित्याची वाण असली तरी पेन्सिल प्रत्येक मुलाच्या दप्तरात असते. तेवढ्या साधनावर एखाद्या थोर चित्राचा खरा अभ्यास करता येतो. त्यासाठी चित्र मात्र विचारपूर्वक निवडावे. डच चित्रकार योहानेस व्हर्मीर याने १६६५ च्या सुमारास रंगविलेले मोत्याचे कर्णभूषण ल्यालेल्या मुलीचे चित्र या कामी फार सोयीचे आहे. त्यात एकच चेहरा आहे, प्रकाश एकाच बाजूने, डावीकडून येतो आणि पार्श्वभूमी गडद आहे. मूळ चित्र हेग येथील मॉरित्सहाउस संग्रहालयात असून त्याची उंची ४४.५ व रुंदी ३९ सेंटिमीटर आहे. १८८१ साली ते लिलावात अवघ्या दोन गिल्डरांना गेले. खरेदीदाराने पुढे ते मृत्युपत्राने संग्रहालयास दिले. ही मुलगी कोण, असे मुले विचारतीलच. चेहऱ्याच्या अभ्यासाकरिता अशी चित्रे काढण्याचा प्रघात त्या काळी हॉलंडात होता, एवढे सांगणे पुरे.

मोजमापात फार वेळ घालवू नये. छापील प्रत मूळच्या निम्म्या मापाची, म्हणजे १९.५ सेंटिमीटर रुंद घ्यावी व तिच्यावर दीड सेंटिमीटरचे चौकोन आखावेत. रुंदीत १३ व उंचीत १४ चौकोन बसून खाली सव्वा सेंटिमीटरची पट्टी उरते. २२ × ३० इंची कार्ट्रिज कागदावर चार सेंटिमीटरचे चौकोन घेतले की चित्र ५२ सेंटिमीटर रुंद व सुमारे ५९ सेंटिमीटर उंच होते, म्हणजे मुळाहून तिसऱ्या हिश्शाने मोठे. आखणी अगदी पुसट असावी. दाबून काढलेल्या रेघेचा चर कागदावर राहतो आणि नेमका गालावर उमटतो.

खरी अडचण यापुढे आहे. मुलाला नाक ठाऊक असते, म्हणून तो नाकाची रेघ ओढतो. या चित्रात नाकाचा दांडा व पलीकडचा गाल यांमध्ये रेघच नाही. उजेडात दोन्ही एकरूप झाले आहेत. तेथे रेघ आली की चौकोन कितीही अचूक असोत, ती मुलगी हरवते. बाह्यरेषा आधी पक्की करण्याची सवय शाळांतूनच लागलेली असते. या पाठात ती शिक्षकांनी निग्रहाने बाजूस ठेवावी. मुलांना डोळे किलकिले करून पाहावयास सांगावे व कोठे उजळ, कोठे गडद एवढेच विचारावे.

रंगाचे छटेत रूपांतर करण्यापूर्वी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सात घरांची एक पट्टी प्रत्येकाने करून जवळ ठेवावी. डोक्याच्या वस्त्राचा निळा, मागे लोंबणाऱ्या पदराचा पिवळा व अंगरखा यांतील प्रत्येक भागाशी ती ताडून पाहावी. निळा व तांबूस हे रंग डोळ्यांना परस्परांहून वेगळे दिसले, तरी त्यांची छटा पुष्कळदा एकच निघते. अशा वेळी पेन्सिलीच्या फटकाऱ्यांची दिशा बदलून कापडे वेगळी दाखवावीत.

मोत्याकडे विशेष लक्ष द्यावे. व्हर्मीरने त्याला कडी किंवा आकडा दाखविलेला नाही. वर एक तेजस्वी ठिपका आणि खाली पांढऱ्या गळपट्टीचे मंद प्रतिबिंब, एवढ्यावर तो मोती उभा आहे. तैलरंगात असा पांढरा ठिपका शेवटी ठेवता येतो. पेन्सिलीत पांढरा रंगच नसल्यामुळे तो ठिपका म्हणजे कोरा कागद. तो पहिल्या दिवसापासून राखावा लागतो. डोळ्यांतील व ओठांवरील चमकेचेही तसेच. खोडरबराने मागाहून काढलेली चमक मळकट दिसते.

पार्श्वभूमी आज काळी दिसते. २०१८ साली आरंभलेल्या व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तेथे मुळात हिरवा पडदा होता व डोळ्यांना बारीक पापण्याही होत्या, असे आढळले. तरीही मुलांनी जे दिसते तेच काढावे. माहिती सांगावी, पण तिच्या भरवशावर पडदा काढवून घेऊ नये. हा काळोख एकदम दाबून भरल्यास ग्रॅफाइट चकाकते व काळ्याऐवजी करडे दिसते. ४बी व ६बी पेन्सिलींनी हलके, एकमेकांस छेदणारे थर तीनचार वेळा द्यावेत. गालाजवळचा काळोख लवकर घ्यावा, कारण त्याशेजारी ठेवल्यावाचून गालाची छटा किती हलकी हवी हे कळत नाही. उजव्या हाताने काढणाऱ्याने डावीकडून उजवीकडे, डावऱ्याने उलट जावे व तळहाताखाली कोरा कागद ठेवावा. बोटाने घासून छटा मऊ करण्याचा मोह बहुतेकांस होतो. घामाचा तेलकटपणा कागदात मुरतो व डाग पुसला जात नाही, म्हणून तो प्रकार वर्गात चालू देऊ नये.

काम एका तासात उरकणारे नाही. आठवड्यास दोन तासिका धरून महिनाभर तरी चालेल. प्रत्येक तासाच्या अखेरीस चित्र भिंतीशी टेकवून मुलांना पाचसहा पावले मागे नेऊन पाहावयास लावावे. जवळून न दिसणारी चूक तेथून दिसते. पूर्ण झालेल्या चित्राखाली मुलाचे नाव आणि त्यापुढे ‘योहानेस व्हर्मीर यांच्या चित्रावरून’ हे शब्द अवश्य लिहवून घ्यावेत, व कागद गुंडाळण्यापूर्वी त्यावर पातळ कागदाचे आच्छादन घालावे.