विहिरीची हजेरी



आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे तळे तुम्हाला ठाऊक आहे. फार पूर्वी आकाशातून एक मोठा दगड येऊन आदळला. काळ्या खडकात सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद खळगा पडला. त्यात पाणी साचून तळे झाले. तळ्याचे पाणी खारे. पण वर देवळाजवळ जी धार पडते, तिचे पाणी गोडे.

एका उन्हाळ्यात कॉलेजात शिकणारी एक मुलगी आमच्या गावी येऊन राहिली. लोणार आमच्या गावाहून जवळच. वनखात्याची परवानगी काढून ती सकाळी तळ्यावर जाई. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर मुलांना शिकवी. आम्ही मोठी माणसेही जाऊन बसत असू. झाड, पाणी, किडा, पाखरू आणि माणूस यांचे एकमेकांशी नाते काय, हा तिचा अभ्यास. याला परिसर-विज्ञान म्हणतात.

एकदा तिने दोन पेले आणले. एकात विहिरीचे पाणी, दुसऱ्यात तळ्याचे. दोन्हींत कागदाची पट्टी बुडवली. पट्ट्यांचे रंग वेगवेगळे झाले. ती म्हणाली, "तुम्ही मातीचा सामू तपासून घेता ना? हा पाण्याचा सामू. शुद्ध पाण्याचा 7, तळ्याचा 10 च्या आसपास."

मग तिने जून 2020 ची आठवण दिली. तेव्हा तळ्याचे पाणी गुलाबी झाले होते. कोणी काही म्हणे, कोणी काही. पण पाणी बाटल्यांत भरून पुण्याच्या आघारकर संस्थेत तपासले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे रंग आला होता. पाणी आटले, खारेपणा वाढला, तसे ते जीव वाढले. तपासले म्हणून खरे कळले.

नंतर तिने विचारले, "आपल्या गावची विहीर कोणकोणत्या साली आटली?"

एक आजोबा म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात."

आजी म्हणाल्या, "नाही वं बाई, माह्या लेकीच्या लग्नाच्या साली!"

बराच वाद झाला. मग ती आमच्याकडे वळली. "गुरुजी, तुमच्याकडे लिहिलेले असेल?"

आमची मान खाली गेली. आम्ही तीस वर्षे मुलांची हजेरी लिहिली. विहिरीची हजेरी एक दिवसही लिहिली नाही.

ती हसली नाही. म्हणाली, "1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारच्या खळग्याची नोंद केली. दोनशे वर्षे झाली, तरी तिचा उल्लेख होतो. आपण आजपासून लिहू."

तिने दोरीला दगड बांधला. दर हाताला एक गाठ मारली. दोरी विहिरीत सोडली. काठापासून पाण्यापर्यंत किती गाठी, ते मोजले. पहिली नोंद त्या आजींनी लिहिली. त्या आदल्याच हिवाळ्यात अक्षरे शिकल्या होत्या. अक्षर वाकडे आले, पण आकडा बरोबर होता.

सुट्टी संपली. मुलगी परत गेली. वही गावात राहिली. आता पाणी कोणत्या महिन्यात किती खाली जाते, ते वहीत दिसते. उन्हाळी पीक घ्यावे की नाही, हे ठरवताना लोक वही मागतात.

मंडळी, लिहिता येणे म्हणजे नुसती सही करणे नव्हे.

करून पाहा
1. गाठींची दोरी करा. दर बाजाराच्या दिवशी विहीर मोजा.
2. वहीत तारीख आणि गाठी लिहा.
3. पाऊस पडला, तर तोही लिहा.