महागडी लेन्स नंतर, आधी एक फांदी पुढे घ्या!



गेवराईत फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू करायचा म्हटलं की एक टोमणा ठरलेलाच : "फोटो तर आमच्या मोबाइलवरही निघतो, तुला पैसे कशाचे द्यायचे?" याचं उत्तर तोंडाने नका देऊ, फोटोने द्या. आणि त्यासाठी लगेच हप्त्यावर नवी लेन्सही नका घेऊ.

बाकीचे लोक माणसाला समोर उभं करतात आणि बटण दाबतात. तुम्ही मध्ये काहीतरी घ्या : कडुलिंबाची फांदी, गवत, उसाची पात. याला फोरग्राउंड फ्रेमिंग म्हणतात. पुढचं पान धूसर होतं, नजर थेट चेहऱ्यावर जाते, फोटोला खोली येते. शिवाय कडेचा विजेचा खांब झाकला जातो तो वेगळाच!

कसं करायचं?

१. अंतर : पान लेन्सपासून वीतभर, माणूस आठ-दहा फुटांवर. मोबाइलचा सेन्सर लहान असतो, म्हणून पान आणखी जवळ घ्या.

२. फोकस : कॅमेरा हमखास पानावर फोकस करतो. एकच फोकस पॉइंट निवडून डोळ्यावर ठेवा. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा.

३. अ‍ॅपर्चर : एकट्यासाठी एफ १.८ चालेल. जोडप्यासाठी २.८ किंवा ४ ठेवा आणि दोघांचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर घ्या, नाहीतर एकाचा फोटो येईल, दुसऱ्याची तक्रार.

४. मर्यादा : फ्रेमच्या एक-दोन कडाच भरा. चेहऱ्यावर पान नको.

आपल्या भागातला स्टुडिओ

दिवाळीच्या सुमारास फुटलेला कापूस, थंडीत उसाचे तुरे, उन्हाळ्याच्या तोंडावर कडुलिंबाची कोवळी पालवी, राक्षसभुवनला गोदाकाठ. वेळ सकाळची किंवा सूर्य कलल्यावरची. मात्र शेतकऱ्याला विचारूनच रानात पाय ठेवा. वेचणीला आलेला कापूस म्हणजे त्याचं वर्षभराचं उत्पन्न. त्याचाही एक फोटो काढून पाठवा. गावात तुमचं नाव तोच सांगेल.

होमवर्क

एकाच माणसाचे पाच साधे आणि पाच फ्रेम केलेले फोटो काढा. तीन अनोळखी लोकांना दाखवून एवढंच विचारा : "पैसे द्यायचे झाले तर कुठल्या फोटोला द्याल?" फ्रेमवाले निवडले, तर तेच ग्राहकाला दाखवून दर सांगा. नाही निवडले, तर नुकसान काहीच नाही. फांदी फुकट होती, हप्ता नव्हता!