घोडेस्वारीचे हेल्मेट : मखमल नव्हे, आतले लेबल पाहा

आम्ही कापडवाले. मखमल हाती घेतली की तिचा दर्जा सांगतो. परंतु घोडेस्वारीच्या हेल्मेटवरील मखमलीला आम्ही कवडीचेही महत्त्व देत नाही. निव्वळ पोशाखाच्या टोप्याही अगदी तशाच दिसतात.

डोके वाचते ते कवचाखालच्या, थर्माकोलच्या जातीच्या दाट थरामुळे. आपटल्यावर तो चेपतो आणि धक्का पचवतो. एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. सबब पडताना डोके आपटले असेल तर वर ओरखडा दिसत नसला तरी ते हेल्मेट बाद समजावे. वापरलेले हेल्मेट स्वस्तात घेऊ नये, त्याचेही कारण हेच.

आत एएसटीएम एफ ११६३ हा क्रमांक व एसईआयची मोहर, किंवा ब्रिटिश पास ०१५ आहे का, ते पाहावे. मोटारसायकलचे आयएसआय हेल्मेट चालेल का, असे पुष्कळजण विचारतात. ते आयएस ४१५१ प्रमाणे रस्त्यावरील अपघातासाठी तपासलेले असते. एएसटीएमच्या चाचणीत घोड्याचे हेल्मेट सपाट ऐरणीवर आणि धारेच्या ऐरणीवरही आपटतात. पडलेल्या स्वाराला नालाची कड लागू शकते, हे विसरू नये.

अमेरिकेच्या ऑलिंपिक स्वार कोर्टनी किंग-डाय २०१० मध्ये सराव करताना घोडा अडखळून पडल्या. डोक्यावर हेल्मेट नव्हते. कवटीला तडा गेला, कित्येक दिवस त्या शुद्धीवर नव्हत्या. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२१ पासून उंच टोपी बंद करून हेल्मेट सक्तीचे केले.

माप आमच्याच टेपने घ्यावे, भुवयांच्या वर अडीच सेंटिमीटरवर, डोक्याभोवती. पट्टा न लावता मान हलवावी; हेल्मेट सरकता कामा नये, त्याबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे. माप बरोबर असून कपाळाला टोचत असेल तर डोक्याचा घाट वेगळा, दुसऱ्या कंपनीचे पाहावे. मुलींनी पातळ स्कार्फ बांधूनच माप द्यावे, आणि हेल्मेटखाली पिन मुळीच नको.

माथेरानात मोटारींना बंदी आहे, त्यामुळे आयुष्यात प्रथमच घोड्यावर बसणारे गिऱ्हाईक तेथे नेहमीच येते. घोडे भाड्याने देणाऱ्या बंधूंनी तीन-चार मापांची हेल्मेटे ठेवावीत. एकच मोठे हेल्मेट सर्वांना घालणे म्हणजे न घालण्यासारखेच. घाम पुसून सावलीत वाळवावे, रंग वा थिनर लावू नये. बहुतेक कंपन्या पाच वर्षांनी बदलण्यास सांगतात, म्हणून खरेदीचे बिल जपून ठेवावे.