घटक ५ : आडरानातील एल्क-शिकार – परंपरा आणि परिवर्तन

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• रॉकी पर्वतातील एल्क-शिकारीच्या परंपरेचे स्वरूप सांगता येईल.
• या परंपरेत गेल्या शतकभरात झालेले बदल व त्यांची कारणे स्पष्ट करता येतील.
• साधनांतील बदल आणि मूल्यांतील बदल यांत फरक करता येईल.
• ‘परंपरा कोणाची?’ या प्रश्नाचे महत्त्व उदाहरणांच्या साहाय्याने मांडता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण ‘परंपरा’ या संकल्पनेचा विचार केला. एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती सोपवलेले आचार, कौशल्ये, कथा आणि संकेत म्हणजे परंपरा, हे आपण पाहिले. मात्र सोपवताना काही गळून पडते, काही नव्याने मिसळते. मग साधने बदलली, माणसे बदलली, तरी परंपरा टिकली असे आपण कशाच्या आधारे म्हणतो?

या प्रश्नाचा शोध आपण एका प्रत्यक्ष उदाहरणातून घेणार आहोत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील माँटाना, वायोमिंग, आयडाहो, कोलोरॅडो या पश्चिमेकडील राज्यांत एल्क या हरणाची शिकार आजही कायदेशीर आहे आणि ती अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिच्यातील बदल कायद्यांत व न्यायालयीन निर्णयांत नोंदले गेल्यामुळे ते कालक्रमाने तपासता येतात. म्हणून हे उदाहरण अभ्यासाला सोयीचे आहे. शिकार योग्य की अयोग्य, हा या घटकाचा विषय नाही. त्याविषयी आपले मत आपण स्वतंत्रपणे ठरवावे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ एल्क आणि आडरान

एल्क हे हरणाच्या कुळातील एक मोठे जनावर आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सुमारे ३०० किलो किंवा त्याहून अधिक भरते. ‘वापिती’ हे त्याचे दुसरे नाव शॉनी या मूलनिवासी लोकांच्या भाषेतून आले असून त्याचा अर्थ ‘पांढऱ्या पुठ्ठ्याचा’ असा आहे. युरोपात ‘एल्क’ हा शब्द मूस या वेगळ्या प्राण्यासाठी वापरतात, हे लक्षात ठेवावे. आपल्याकडे काश्मीरमधील दाचीगामच्या जंगलात आढळणारा हंगुल हा एल्कचा जवळचा नातलग होय.

सप्टेंबरात नर माजावर येतात. तेव्हा त्यांची शिळेसारखी उंच, लांबलचक साद दऱ्याखोऱ्यांत घुमते. त्या सादेला हुबेहूब प्रतिसाद देऊन नराला जवळ बोलावणे हे या शिकारीतील मुख्य कौशल्य मानले जाते.

मोटाररस्ता संपतो तेथून पुढचा, पायी किंवा जनावरांच्या साहाय्यानेच गाठता येणारा डोंगराळ मुलूख म्हणजे आडरान. तेथे शिकारीचा सर्वांत कष्टाचा भाग गोळी किंवा बाण सुटल्यानंतर सुरू होतो. मांस नासण्यापूर्वी ते थंड करणे, वेगळे करणे आणि कित्येक किलोमीटर वाहून आणणे आवश्यक असते. एका मोठ्या नराचे हाडे काढलेले मांस शंभर किलोंच्या आसपास भरते. एकट्या माणसाला त्यासाठी पाठीवरून अनेक खेपा घालाव्या लागतात. खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे हा अनेक राज्यांत गुन्हा आहे. म्हणूनच ‘वाहून आणता येईल तेथेच जनावर मार’ हा संकेत या परंपरेत लवकर शिकवला जातो.

५.२.२ ऱ्हास आणि सावरणूक

युरोपीय वसाहतींपूर्वी उत्तर अमेरिकेत सुमारे १ कोटी एल्क असावेत, असा एक सर्वपरिचित अंदाज आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ही संख्या १ लाखाच्याही खाली गेली होती. बाजारात विकण्यासाठी केलेली बेसुमार शिकार आणि चराऊ जमिनींचा शेती-पशुपालनासाठी झालेला वापर ही त्याची प्रमुख कारणे होत. एल्कच्या वरच्या जबड्यातील दोन सुळ्यांना दागिन्यांसाठी मागणी होती. केवळ त्या दोन दातांसाठी जनावर मारून बाकीचे धड टाकून दिले जाई.

या ऱ्हासाला आळा घालण्याचे प्रयत्न टप्प्याटप्प्याने झाले. १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट, जॉर्ज बर्ड ग्रिनेल आदींनी बून अँड क्रॉकेट क्लबची स्थापना केली. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापाराला बंदी घातली. १९१२ मध्ये वायोमिंगमधील जॅक्सन येथे एल्कसाठी राष्ट्रीय आश्रयस्थान निर्माण झाले. यलोस्टोन परिसरातील एल्क पकडून ते नामशेष झालेल्या प्रदेशांत सोडण्यात आले. ॲरिझोनात १९१३ मध्ये आणलेले एल्क हे त्याचे एक उदाहरण. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारी बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्यजीव संवर्धनाकडे वळवले. आज उत्तर अमेरिकेत सुमारे १० लाख एल्क आहेत.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. आज ज्याला आपण ‘जुनी परंपरा’ म्हणतो, तिचे परवाना, ठरावीक हंगाम, मारावयाच्या जनावरांची मर्यादा हे मुख्य घटक शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या संकटातून घडले आहेत. आधीच्या पिढीच्या अतिरेकातून पुढच्या पिढीचा संयम जन्माला आला.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) ‘वापिती’ या शब्दाचा अर्थ काय?
(आ) १९०० च्या लेसी कायद्याने कशावर बंदी घातली?

५.२.३ मुक्काम, खेचरे आणि ज्ञानाचे हस्तांतरण

विसाव्या शतकाच्या मध्यातील एल्क-शिकारीचे चित्र साधारणतः असे होते. कुटुंबातील किंवा गावातील काही माणसे दहा-बारा दिवसांसाठी डोंगरात जात. कॅनव्हासचा तंबू, पत्र्याची चूल, पीठ, डाळी, खारवलेले मांस असा सरंजाम घोड्या-खेचरांच्या पाठीवर लादला जाई. खोगिराच्या दोन्ही बाजूंना समान वजन बांधणे, ओझे घसरू नये अशी दोराची गाठ मारणे, हे काम लहान मुले वडीलधाऱ्यांच्या हाताकडे पाहून शिकत. एल्क कोणत्या उतारावर चरतात, दुपारी कोठे विसावतात, संध्याकाळी वारा दरीत कसा उतरतो, हे ज्ञान चुलीभोवती सांगितलेल्या गोष्टींतून पुढे जाई. एखाद्या खिंडीचे किंवा झऱ्याचे स्थानिक नाव हेच नकाशाचे काम करी.

दुसऱ्या महायुद्धानंतर जीप आणि लाकूडतोडीसाठी काढलेले रस्ते डोंगरात खोलवर पोहोचले. खेचरांची गरज संपणार असे वाटू लागले. परंतु १९६४ च्या ‘वाइल्डरनेस’ कायद्याने काही वनक्षेत्रे अस्पर्श राखली आणि तेथे मोटारवाहनांना व यंत्रांना मज्जाव केला. माँटानातील बॉब मार्शल, आयडाहो-माँटाना सीमेवरील सेलवे-बिटररूट ही अशी क्षेत्रे आहेत. या क्षेत्रांत खेचरांचे तांडे आजही चालतात. म्हणजे एक जुनी रीत टिकली ती नवी साधने उपलब्ध नव्हती म्हणून नव्हे. समाजाने जाणीवपूर्वक काही साधने नाकारली, म्हणून ती टिकली.

त्याच वेळी मुक्कामाचे स्वरूपही बदलत गेले. वजनाला हलके तंबू, सुकवलेले तयार अन्न आणि पाठीवरच्या सांगाड्याच्या पिशव्या यांमुळे एकटा-दुकटा शिकारीही आठवडाभर रानात राहू शकतो. चुलीभोवती बसणारी मंडळी मात्र कमी झाली. पूर्वी आजोबांकडून शिकलेली साद आता चलचित्रे पाहून शिकता येते. ज्ञान अधिक लोकांना खुले झाले, आणि ते देणाऱ्या-घेणाऱ्यांतील नाते विरळ झाले. या दोन्ही बाजूंची नोंद अभ्यासकाने घ्यावयास हवी.

५.२.४ साधने आणि ‘न्याय्य पाठलाग’

एल्कला निसटण्याची खरीखुरी संधी असली पाहिजे, या संकेताला ‘न्याय्य पाठलाग’ म्हणतात. बून अँड क्रॉकेट क्लबने त्याचा विशेष पुरस्कार केला. प्रत्येक नव्या साधनाने या संकेताची कसोटी पाहिली आहे.

१९६९ मध्ये कप्प्या बसवलेल्या ‘कंपाउंड’ धनुष्याचे पेटंट मंजूर झाले. पूर्ण ताणलेली प्रत्यंचा धरून ठेवण्यास त्यात कमी बळ लागते. त्यामुळे धनुर्धारी शिकाऱ्यांची संख्या वाढली. पुढे दूरवरचे अंतर मोजणारी दुर्बीण, उपग्रहावर आधारित दिशादर्शक आणि हालचाल होताच छायाचित्र घेणारे कॅमेरे आले. यांतले कोणते साधन कौशल्याला साहाय्य करते आणि कोणते कौशल्याची जागा घेते, यावर शिकाऱ्यांमध्येच वाद झाले. त्यांतून नियम निघाले. कोलोरॅडो व माँटाना या राज्यांनी २०१४ मध्ये शिकारीसाठी ड्रोन वापरण्यास बंदी केली. ॲरिझोनाने २०२२ पासून शिकारीसाठी रानातील कॅमेऱ्यांचा वापर बंद केला.

काही बदल निसर्गानेही लादले. हरणांच्या मेंदूचा ऱ्हास घडवणारा एक असाध्य रोग कोलोरॅडोत १९६७ मध्ये बंदिस्त हरणांत प्रथम आढळला व नंतर रानातील एल्कमध्येही दिसून आला. त्यामुळे अनेक ठिकाणी डोके व पाठीचा कणा राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत, आणि मांस खाण्यापूर्वी ते तपासून घेण्याचा सल्ला दिला जातो. शिकारीनंतर लगेच सर्वांनी मिळून जेवण करण्याच्या जुन्या रीतीत आता प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रतीक्षा शिरली आहे.

५.२.५ परंपरा कोणाची? हक्क कोणाचा?

आतापर्यंतचे वर्णन प्रामुख्याने स्थलांतरित गोऱ्या समाजाच्या परंपरेचे झाले. परंतु या डोंगरांत एल्कची शिकार करणारे पहिले लोक मूलनिवासी होते. क्रो जमातीच्या स्त्रियांचे एल्कच्या सुळ्यांनी सजवलेले पोशाख प्रसिद्ध आहेत. एका जनावराला असे दोनच सुळे असतात. त्यामुळे असा पोशाख कुटुंबातील शिकाऱ्यांच्या दीर्घ परिश्रमाची साक्ष देतो. व्यापारासाठी दात काढून धड टाकणाऱ्यांनी याच वस्तूला कसा वेगळा अर्थ दिला, याची तुलना आपण करून पाहावी.

१८६८ मध्ये बॅनॉक व क्रो जमातींशी झालेल्या करारांत, अमेरिकेच्या मोकळ्या सरकारी जमिनींवर शिकार करण्याचा त्यांचा हक्क मान्य केला होता. १८९५ मध्ये रेस हॉर्स नावाच्या बॅनॉक शिकाऱ्याला वायोमिंगमध्ये एल्क मारल्याबद्दल अटक झाली. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, वायोमिंग राज्य स्थापन होताच तो हक्क संपला. पुढे क्रो जमातीच्या क्लेव्हिन हेरेरा यांनी २०१४ मध्ये वायोमिंगच्या बिगहॉर्न राष्ट्रीय वनात एल्क मारल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१९ मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले की, राज्य झाल्याने कराराचा हक्क आपोआप नष्ट होत नाही. जुना निर्णय मागे पडण्यास १२३ वर्षे लागली. संवर्धनाचे जे नियम एका समाजाला संयम वाटले, त्यांनीच दुसऱ्या समाजाला आपल्याच भूमीवर गुन्हेगार ठरवले होते. महाराष्ट्रातील पारधी समाजाच्या इतिहासाशी परिचित असलेल्या विद्यार्थ्यांना ही वेदना परकी वाटणार नाही.

हक्काचा दुसरा प्रश्न वाटेचा आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना एकाआड एक चौकोन जमीन दिल्याने पश्चिमेत खाजगी व सरकारी जमिनींचा बुद्धिबळाच्या पटासारखा नकाशा तयार झाला. सरकारी चौकोन केवळ कोपऱ्याला एकमेकांना स्पर्श करतात. २०२१ मध्ये मिझुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी वायोमिंगमधील एल्क माउंटन येथे शिडी लावून, खाजगी जमिनीवर पाऊल न ठेवता, एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात प्रवेश केला. जमीनमालकाने त्यांच्यावर दावा लावला. मार्च २०२५ मध्ये संघीय अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला. मोबाईलवरील नकाशांमुळे असा कोपरा अचूक शोधणे सुलभ झाले आहे. म्हणजे नवे साधन येथे सार्वजनिक भूमीवरील जुना हक्क बजावण्यास उपयोगी पडले.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) ‘न्याय्य पाठलाग’ म्हणजे काय?
(आ) २०१९ च्या निर्णयाने कोणत्या वर्षीचा निर्णय मागे पडला?

५.३ सारांश

एल्क-शिकारीची साधने, मुक्काम आणि शिकण्याच्या पद्धती सतत बदलत आल्या आहेत. या परंपरेचे सातत्य कोणत्याही एका साधनात सापडत नाही. ते, आपण कोठे थांबावे, हे प्रत्येक पिढीने पुन्हा ठरवण्यात आहे. मांस टाकू नये, वाहनाने जाऊ नये, जनावराला संधी द्यावी, या मर्यादा म्हणजे परंपरेचा गाभा होय. मात्र मर्यादा ठरवण्याचा अधिकार कोणाला मिळाला आणि कोणाला नाकारला गेला, हे तपासल्याशिवाय परंपरेचा अभ्यास पूर्ण होत नाही.

५.४ पारिभाषिक शब्द

आडरान : रस्त्यापासून दूर असलेला दुर्गम वनप्रदेश.
माज : प्राण्यांचा मीलनकाळ.
मूलनिवासी : एखाद्या भूमीवरील मूळचे रहिवासी.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१ (अ) पांढऱ्या पुठ्ठ्याचा. (आ) बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापारावर.
२ (अ) जनावराला निसटण्याची खरी संधी देणारा शिकारीचा संकेत. (आ) १८९६.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘परंपरा मर्यादांमुळे टिकते’ या विधानाची एल्क-शिकारीच्या आधारे चर्चा करा.
२. मूलनिवासींच्या शिकारहक्कासंबंधीच्या दोन न्यायनिर्णयांची तुलना करा.

५.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील मासेमारी, मध गोळा करणे किंवा रानभाज्या वेचणे यांपैकी एका परंपरेविषयी दोन पिढ्यांतील व्यक्तींशी बोला. ‘काय करू नये’ याविषयी त्यांनी सांगितलेले संकेत नोंदवा आणि त्यांत कोणता बदल झाला आहे, ते दीड पानात लिहा.