तिसऱ्या दिवसाची तहान
(तरुण संघ व शब्बाथ शाळेच्या वरच्या वर्गासाठी पाठ)

शास्त्रपाठ : निर्गम १५:२२-२७; गणना ११:४-६; १ करिंथ ६:१२, १९-२०; गलती ६:२.

उद्देश : धूम्रपान सोडताना मन विस्कळीत होते. तो सुटकेच्या वाटेवरील एक मुक्काम आहे, मागे फिरण्याचे कारण नव्हे, हे तरुणांच्या ध्यानात यावे.

प्रस्तावना

हैदराबादेतील कोठी हा भाग पुष्कळ वाचकांच्या परिचयाचा असेल. उस्मानिया मेडिकल कॉलेज तेथेच आणि जुन्या पुस्तकांचा बाजारही तेथेच. मराठवाड्यातून व बीदरकडून शिक्षणासाठी आलेली आपली मुले पुस्तके घ्यावयास तेथे जातात. अशाच एका तेवीस वर्षांच्या तरुणाने तेथे चहा घेता घेता मला विचारले, "सर, मी तीनदा सिगारेट सोडली. तिसऱ्या दिवशी एक पान वाचले तरी डोक्यात राहत नाही. एक ओढली की लगेच लक्ष लागते. परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे. मी सिगारेट सोडू की परीक्षा देऊ?"

तो थट्टा करीत नव्हता. त्याला फुप्फुसाच्या रोगाची भीती घालून उपयोग नव्हता. ती त्याला माहीत होती. त्याचा प्रश्न खरा होता आणि त्याला खरे उत्तर हवे होते.

पाठ

१. मारा येथील कुरकुर. इस्राएल लोक तांबडा समुद्र ओलांडून आले. फारो मागे राहिला, गीत गाऊन झाले. नंतर शूरच्या रानात ते तीन दिवस चालले, पण पाणी मिळाले नाही. मिळाले ते कडू. लोक मोशेवर कुरकुर करू लागले. पुढे तर मिसरातले मासे, काकड्या, कांदे, लसूण त्यांना आठवू लागले. ते सारे फुकट मिळत होते असे त्यांना वाटले. विटा थापताना पाठीवर बसलेले फटके मात्र ते विसरले. येथे नीट लक्ष द्या. तहान खोटी नव्हती. पण मिसर बरा होता, हा तिचा त्यांनी लावलेला अर्थ खोटा होता.

२. शरीरात काय घडते? धुरातील निकोटीन काही सेकंदांत मेंदूस पोहोचते, आणि सुमारे दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. सवय जडलेल्या मेंदूला मग त्याची उणीव भासते : चिडचिड होते, जीव घाबरा होतो, लक्ष उडते. पुढची सिगारेट ही उणीव भरून काढते आणि ओढणाऱ्यास वाटते, 'सिगारेटमुळे लक्ष लागले.' वास्तविक आधीच्या सिगारेटने जे नेले त्यातलेच थोडे पुढची परत देते. सोडल्यावर हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत अधिक असतो आणि बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. तो तरुण तिन्ही वेळा नेमका तिसऱ्या दिवशी, म्हणजे चढाच्या माथ्यावरून, मागे फिरला होता.

३. कोठीचा कारभार. 'कोठी' हे नाव इंग्रज रेसिडेंटाच्या वाड्यावरून पडले. किर्कपॅट्रिक या रेसिडेंटाच्या काळात, १८०३ च्या सुमारास, तो बांधावयास घेतला. त्याआधी १७९८ मध्ये निजामाने तैनाती फौजेचा तह केला होता. फौज रक्षणासाठी, पण खर्च निजामाचा. १८०० मध्ये त्या खर्चापायी म्हैसूरच्या लढायांत मिळालेला मुलूख इंग्रजांस द्यावा लागला. गादीवर निजाम होता, पण वजन कोठीचे होते. सिगारेटही प्रथम मदतीला म्हणून येते आणि पुढे अभ्यासाची, झोपेची, चहाची वेळ तीच ठरवते. पौल करिंथकरांस सांगतो की मोकळीक असली तरी तो कशाच्याही सत्तेखाली जाणार नाही. आणि आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, मोल देऊन घेतलेले आहे. तेव्हा या घरात हुकूम कोणाचा, हा मूळ प्रश्न आहे.

व्यवहारात काय करावे?

त्या तरुणास मी म्हटले, "दोन महिने म्हणजे आठ आठवडे. त्यांतले चार जड गेले असे धरले तरी चार मोकळे राहतात. आजच दिवस ठरव." याशिवाय पुढील गोष्टी उपयोगी पडतात :

पहिल्या आठवड्यात नवा कठीण विषय घेऊ नये, उजळणी करावी. वीस-पंचवीस मिनिटे वाचून पाच मिनिटे चालून यावे. ओढण्याची उबळ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, एखादे वचन म्हणावे, मित्राशी बोलावे. चहा-कॉफी थोडी कमी करावी, कारण धूम्रपान थांबले की त्यांतील कॅफीन शरीरात अधिक वेळ राहते आणि झोप उडते. फार जड गेल्यास निकोटीनच्या चघळण्याच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांस विचारावे. त्यात विश्वासाची उणीव नाही. सरकारची मोफत दूरध्वनी सेवाही आहे : १८००-११-२३५६. आणि ज्याचे लक्ष सिगारेटच्या आधीपासून, लहानपणापासूनच टिकत नाही, त्याने ते डॉक्टरांस अवश्य सांगावे. त्यावर वेगळा उपचार असतो.

लवकर सोडण्यात लाभही मोठा आहे. ब्रिटनमधील डॉक्टरांची पन्नास वर्षे पाहणी करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिशीच्या सुमारास सोडणाऱ्यांची, धूम्रपानाने घटणारी सुमारे दहा वर्षे वाचतात असे त्यांत दिसले.

मंडळीचे कर्तव्य

आपल्या मंडळ्यांत सिगारेट ओढणाऱ्या मुलास दोनच गोष्टी मिळतात : कानउघाडणी किंवा काणाडोळा. म्हणून तो लपून ओढतो आणि लपूनच हरतो. एकमेकांची ओझी वाहा असे शास्त्र शिकवते. तिसऱ्या दिवशी त्याच्या खोलीवर जाऊन त्याच्याबरोबर तासभर बसणे, हे ओझे वाहणे होय. तो चिडून बोलला तर मनावर घेऊ नये. घसरला तर 'मला ठाऊकच होते' असे म्हणू नये. मारा येथे देवाने कुरकुर करणाऱ्यांस मिसरात परत धाडले नाही. पाणी गोड केले आणि पुढे एलीमास नेले. तेथे बारा झरे व सत्तर खजुरीची झाडे होती.

तो तरुण चौथ्या वेळी पुन्हा घसरला. पाचव्या वेळी त्याचा खोलीतला मित्र रोज रात्री त्याच्याबरोबर फिरावयास जाऊ लागला. परीक्षेस तो सिगारेटवाचून बसला.

चर्चेसाठी प्रश्न

१. इस्राएल लोकांना मिसरातले कांदे आठवले, विटा का आठवल्या नाहीत?
२. सिगारेटशिवाय अशी कोणती सवय तुमची वेळ ठरवते?
३. आपल्या वर्गातील कोणी आज सोडावयाचे ठरवले, तर तिसऱ्या दिवशी त्याच्याकडे कोण जाईल? नाव ठरवा.

प्रार्थना

हे प्रभू, तू आम्हांस बंधनातून बाहेर काढले आहेस. रानातील तहानेच्या दिवसांत आमची तोंडे मागे वळू देऊ नकोस. जे आज झगडत आहेत त्यांस धीर दे, आणि आम्हांस त्यांच्या सोबतीस पाठव. आमेन.